दहा घरांचा अभ्यास

"ज्यांनी लढाई जिंकून दिली, त्यांनाच लोकांनी निवडणुकीत का पाडलं?" राऊत मास्तरांनी अकरावीच्या, म्हणजे मॅट्रिकच्या, वर्गाला विचारलं.

बाहेर व्हरांड्यात माठ भरता भरता काशीबाई थबकली. तारापूरच्या त्या शाळेत पाणी भरायचं, वर्ग झाडायचे आणि घंटा वाजवायची, हे तिचं काम. तिची मुलगी नवसी याच वर्गात पहिल्या बाकावर बसायची.

मास्तर विलायतेतली हकिकत सांगत होते. पंचेचाळीस साली तिकडची लढाई संपली, दोन महिन्यांत मतदान झालं आणि जिंकणारा पक्ष सपशेल आपटला. "लोकांनी मिरवणुकीत टाळ्या वाजवल्या," मास्तर म्हणाले, "पण मत देताना विचारलं, आमच्या घराचं काय? परत आलेल्या सैनिकाच्या कामाचं काय?"

काशीबाईला हे शाळेत न जाता कळत होतं. तिचा नवरा जानू पलटणीत होता, पासष्टच्या लढाईत पडला. तेव्हा पुढारी आले, हार आले, घर बांधून द्यायचं बोलणं झालं. घराचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. शाळेच्या कमिटीत सत्तेवरच्या जुन्या पक्षाची माणसं होती, त्यांनी ही नोकरी तेवढी दिली, तीही कच्ची. वर दर सभेला तिला जानूच्या फोटोशेजारी खुर्चीवर बसवायचे. लोक टाळ्या वाजवायचे आणि घरी येऊन ती रेशनवरची जाडीभरडी लाल मिलो ज्वारी शिजत घालायची. त्या खुर्चीची तिला किळस आली होती. पण नोकरी गेली की नवसीची मॅट्रिकही गेली, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"पुढच्या महिन्यात आपल्याकडेही मतदान आहे," मास्तर म्हणाले. "प्रत्येकानं दहा घरं गाठा. मत कुणाला आणि का, एवढंच विचारा. नावानिशी लिहा. नाव नसलं तर त्या गप्पा झाल्या, अभ्यास नव्हे. वह्या माझ्याकडेच राहतील."

"आन् कोनी खोटं सांगितलं तर?" बेटेगावच्या चिंधूनं मागून विचारलं.

"मग आपला अंदाज चुकेल, दुसरं काय!" मास्तर हसले.

चार दिवसांनी, दिवस मावळायच्या आत, नवसी वही घेऊन अंगणात बसली. नऊ घरं झाली होती.

"दहावं आपलंच," ती म्हणाली. "सांग, आये."

बोंबील गोळा करता करता काशीबाईनं जरासुद्धा विचार केला नाही. "लिव. जुन्यांना मत नाय. नव्यांना देनार."

नवसीनं रस्त्याकडे पाहिलं. "हळू बोल. कमिटीत कोन हाय, ठाव हाय ना? कामावरनं काढतील."

"माज्या घोवाचा फोटू दावून मतं मागतात नि मला मिलो खायला घालतात. लिव तसंच."

"आये, वही कोनाच्या हाती पडली तर?"

"मास्तरांच्या शिवाय कोनाच्या पडतेय? ते म्हनले, आपल्याकडंच ठेवनार. लिव."

नवसीनं पुन्हा एकदा रस्त्याकडे पाहिलं, टाक दौतीत बुडवला. मग वाकून लिहिलं.

"समदं लिवलंस?"

"नाव, मत, कारन. समदं लिवलं."

काशीबाईला अक्षर ओळखू येत नव्हतं, तरी ती त्या ओळीकडे पाहत राहिली. आपलं मन पहिल्यांदाच कागदावर उतरलं, याचं तिला फार बरं वाटलं.

त्यानंतरचे दिवस मात्र तिला जड गेले. कमिटीचा कुणी शाळेत आला की तिची पाचावर धारण बसायची. मास्तरांच्या कपाटाला कुलूप आहे ना, हे ती झाडताना रोज बघायची. जुने पुन्हा निवडून आले आणि ती वही त्यांना मिळाली, तर मायलेकींनी कुठं जायचं?

मतदान झालं. मोजणीच्या दिवशी पालघरहून दुपारची एस.टी. आली तीच गुलाल घेऊन. जुने पडले होते, नवे आले होते. काशीबाईच्या जिवात जीव आला. तिनं कुणाकडून तरी मागून आणलेल्या तांदळाचा भात केला. नवसीनं दोन घास खाल्ले आणि ताट सारलं. परीक्षेची काळजी असेल, असं आईला वाटलं.

आठवड्याभरात कमिटीतल्या जुन्यांनी काढता पाय घेतला आणि नव्या पक्षाचा रामकिसन शेट अध्यक्ष झाला. सोमवारी त्यानं काशीबाईला ऑफिसात बोलावलं. मास्तर खिडकीशी उभे होते. नवसी आईच्या मागोमाग दारापर्यंत आली होती.

"बाई, उद्यापासून येऊ नका," शेट म्हणाला. "जुन्यांनी भरलेली माणसं आम्हाला नकोत. आमची माणसंही ताटकळलीत."

काशीबाई हसलीच. "शेट, मी तुमालाच मत दिलंय!"

"आता गावात सगळे तेच सांगतात. जुन्यांचा माणूस औषधालाही सापडत नाही."

"मी आधीपासनं सांगतेय. मास्तरांच्या वहीत लिवलेलं हाय. इचारा त्यांना."

मास्तरांचा हात खिशातल्या कपाटाच्या किल्लीकडे गेला. वह्यांचा गठ्ठा शेटच्या टेबलावरच होता. तो तिथं कसा आला, हे काशीबाईच्या मनातही आलं नाही. उलट तिला हायसं वाटलं.

"आये, चल घरी," नवसी दारातून म्हणाली. "नको वाचायला."

"का नको? घाबरतेस कशाला?" काशीबाईनं तिला हाताला धरून पुढं ओढलं. "काढा ती वही, शेट. हिच्या हातची हाय. माजी पोर खोटं लिवायची नाय."

रामकिसन शेटनं गठ्ठ्यातून वही शोधली, शेवटचं पान काढलं आणि मोठ्यानं वाचलं, "घर दहावं. काशीबाई जानू तामोरे. मत जुन्यांनाच. कारण, त्यांनी माझ्या आईला नोकरी दिली."