पान ठेवल्यावर बोलायचं नाही

तापलेल्या चांदीवर सोन्याचं पान ठेवलं की बोलायचं नाही, हा आईचा कायदा. पान नुसत्या श्वासानेही उडतं. खोकला आला तर गॅलरीत जायचं, शिंक आली तर गिळायची. म्हणून पंखा बंद, खिडकी बंद, आणि घरात जिला सगळे भोंगा म्हणत, ती मुलगी ओठ दातांखाली धरून ओट्याशी उभी होती.

ओट्यावर गॅसची शेगडी, शेगडीवर लोखंडी पत्रा, पत्र्यावर मावशीचं चांदीचं पदक. आईने सकाळपासून ते तापवून तापवून लिंबूफुलाच्या पाण्यात बुडवलं होतं. आता ते दुधासारखं पांढरं झालं होतं. सोनं मात्र एवढंसंच. मावशीचं एक कानातलं हरवलं, त्याचा हा उरलेला जोडीदार. लाटून लाटून कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ केलेला आणि पिंपळाच्या इवल्याशा पानासारखा कापलेला. बिघडलं तर दुसरं नव्हतं.

आणि मावशी स्वतः समोर खुर्ची टाकून बसली होती.

"डोळे बरे आहेत ना गं तुझे?" तिने विचारलं. "मघाशी चहा कपाच्या शेजारीच ओतलास."

"तू बोलत सुटलीस, म्हणून सांडला, ताई."

"बघ हो. घरात सगळे म्हणतात, हिचे हे आगीशी खेळ आता बंद करा. मीच आपली तुझी बाजू घेते."

भोंग्याने पटकन उरलासुरला चहा पुसून टाकला. आईच्या डोळ्यांपुढे हल्ली धुकं असतं, हे फक्त तिला ठाऊक होतं. ऑपरेशन होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, असं आईने बजावलं होतं. एकदा ही शेगडी बंद झाली, की घरातले ती पुन्हा पेटवू देणार नव्हते.

आईने काडेपेटीतली काडी उलटी धरून पदकाच्या कडेला ओढली. रेघ तपकिरी उमटली की ताव बरोबर. काळी उमटली की जास्त.

रेघ कुळकुळीत काळी उमटली.

"तपकिरी," आई म्हणाली, आणि चिमट्याने पान ठेवलं.

कायदा लागू झाला.

आईने घोटणी उचलली. लाकडी मुठीच्या टोकाला अकीकाचा गुळगुळीत दगड. तिने पानाचं टोक दाबलं, ते चिकटलं. मग ती घासू लागली, शांतपणे, सवयीने, कुणीही बघत राहावं अशी. फक्त घोटणी पानावर नव्हती. ती पानाच्या शेजारी, कोऱ्या चांदीवर फिरत होती.

चिकटलेल्या टोकाचा पिवळेपणा उतरत चालला होता. ताव फार झाला की सोनं चांदीत जिरतं, आणि जिरलेलं सोनं कुणाच्या बापाला परत काढता येत नाही. सांगावं तर मावशीला कळणार. गप्प बसावं तर पान जाणार. तिने गॅसच्या बटणाकडे हात नेला, तर मावशीची नजर नेमकी त्या हातावर.

टोक आणखी फिकं झालं.

"मला दे!" भोंगा वाजला.

घोटणी थांबली. पानाचं मोकळं अंग थरथरलं, उभं राहिलं, आणि नशिबाने परत आडवं झालं.

"पान ठेवलंय," आई दातओठ खात म्हणाली.

"म्हणूनच! दर वेळी मी नुसती फडकी धुवायची, पाणी भरायचं. या वेळी तुला देईन म्हणाली होतीस. मावशी, तूच सांग, हिचं नेहमी असंच असतं की नाही?"

"मला कशाला मध्ये ओढतेस?" मावशी म्हणाली.

"आणि एवढ्या जाळावर मला जमत नाही." बोलता बोलता तिने गॅस बारीक केलासुद्धा.

आईने असं काहीएक कबूल केलं नव्हतं. तिने मान वळवून लेकीकडे पाहिलं. म्हणजे आवाज येत होता त्या बाजूला पाहिलं. मग घोटणी उलटी करून मूठ पुढे केली.

"घे. फार शेफारलीयस."

मूठ गरम होती. भोंग्याने ती घट्ट धरली. काळ्या रेघेचा ताव उतरेपर्यंत ती थांबली. मग मधून कडेकडे, मधून कडेकडे. श्वास रोखून कान लाल झाले. आई हाताची घडी घालून भिंतीला टेकली होती. तिने डोळे मिटून घेतले होते.

"थांब. फोड आला."

खरंच, टाचणीच्या टोकाएवढा फुगवटा. "तुला कसं कळलं?"

"आवाज बदलला. सुईने टोच आणि दाब."

तिने टोचलं, दाबलं. सोनं बसलं. चिमट्याने पदक पाण्यात सोडलं तेव्हा ते चर्रकन ओरडलं आणि मग कुठे तिने रोखलेला श्वास सोडला.

मावशीने पदक पुसून उजेडात धरलं. बराच वेळ धरलं.

"टोकाला फिकं दिसतंय."

"माझ्या हातून झालं," भोंगा म्हणाली.

आईचा हात चाचपडत आला आणि लेकीच्या मानेवर विसावला.

निघताना मावशीने पदक गळ्यात घातलं. भोंगा दार उघडून उभी राहिली. मावशीने चपला घातल्या, एकदा आत स्वयंपाकघराकडे पाहिलं, आणि आवाज अगदी खाली आणला.

"पुढच्या वेळी," ती म्हणाली, "थोडं आधी भांड."