बाहेरची शेगडी

"ही लाईटवरची, ही गॅसवरची आन् ही कोळशाची," दुकानदार गौरीशंकरनं तिन्ही शेगड्यांवर हात फिरवला. "भाजणं तिन्हीवर झकास होतंय. कुठलीबी घ्या."

हर्षालीला नेमकं हेच नको होतं. कुणीतरी एकीवर बोट ठेवावं, आपण पैसे द्यावेत आणि सुटावं, एवढीच तिची इच्छा होती. ती सकाळी लातूरहून एसटीत उभ्यानं कळंबला आली होती, आणि उद्या पहाटे परत निघायचं होतं. शेजारी तिचे आबा, म्हणजे वडील उत्तरेश्वर, काउंटरला टेकून उभे होते. पाहुण्याच्या खरेदीला आल्यासारखे.

आई गेल्यापासून त्यांचं जेवण शेजारच्या शांताक्काच्या डब्यावर चाललं होतं आणि त्यातला निम्मा डबा कुत्र्याच्या पोटात जायचा. डॉक्टर म्हणाले होते, अंगात काही राहिलं नाही, मटण-अंडी खाऊ घाला. भाजलेलं मटण म्हणजे आबांचा जीव की प्राण, आणि ते भाजायचेही स्वतःच. पण गोठ्यामागच्या तीन दगडांच्या चुलीपुढं उकिडवं बसणं आता गुडघ्यांना झेपत नव्हतं. उभ्यानं भाजता आलं तरी खातील, असा तिचा हिशेब होता. हा माणूस असाच उपाशी राहिला तर दिवाळी बघायचा नाही, ही भीती तिच्या मनातून जात नव्हती.

"आबा, लाईटवरची घेऊ. ओट्यावर ठिवायची, बटन दाबायचं. धूर न्हाय, राख न्हाय."

"आपल्याकडं लाईट असती कवा?"

"मग गॅसची घ्या," हर्षाली म्हणाली. "तीबी ओट्यावरच बसंल."

"ओट्यावर मटण?"

आई माळकरी होती. ती होती तोवर मटणाचा तुकडा कधी उंबऱ्याच्या आत आला नव्हता. त्याची भांडीसुद्धा वेगळी, गोठ्यात पालथी घातलेली. हर्षालीला हे काय ठाऊक नव्हतं? पण दिवसभराच्या शिणानं तिची जीभ घसरली.

"आता कोण बोलणार हाय तुमाला?"

बोलून गेली आणि तिचं तिलाच वाईट वाटलं. कोळशाच्या शेगडीचं झाकण उचलून उत्तरेश्वर आत बघत राहिले.

"काका, ती घरात चालायची न्हाय बरं का," गौरीशंकर म्हणाला. "कोंडल्या जागंत कोळशाचा धूर लई वाईट. बाहेरच पेटवावं लागतंय."

"मग हीच द्या."

हर्षालीनं हात टेकले. उद्यापासून हा म्हातारा एकटा अंगणात, वाऱ्यापावसात निखारे सांभाळत उभा राहणार. पण भांडायला अंगात त्राण कुठं होतं?

दिवस मावळायला उत्तरेश्वरांनी गोठ्यासमोर शेगडी पेटवली. सोबत आणलेलं मटण त्यांनी मीठ-मिरची लावून जाळीवर मांडलं आणि एकेक तुकडा चिमट्यानं परतत राहिले. कितीतरी दिवसांनी त्यांचे हात घाई न करता काहीतरी करत होते. मग बाजेवर बसून ते जेवले. भाकरी संपल्यावर त्यांनी आणखी एक मागून घेतली. हर्षाली वाढत राहिली आणि पोटातल्या भुकेनं तिला गरगरायला लागलं तरी मनातून सुखावली. शेवटी चांगले चार तुकडे काढून त्यांनी तिच्या ताटात घातले.

"बस आता तू."

ती ताट घेऊन टेकणार तोच उत्तरेश्वर उठले आणि घराच्या पायरीशी जाऊन उभे राहिले. उष्टे हात अंगापासून लांब धरलेले. मटण खाल्लेल्यानं घरातल्या पाण्याला हात लावायचा नाही, असा आईचा दंडक होता. आतून तांब्या घेऊन तीच यायची आणि त्यांच्या हातांवर पाणी घालायची. सवयीनं ते जाऊन उभे राहिले खरे, पण आतून कुणी येणार नाही हे त्यांच्याही ध्यानात आलं असावं. तरी ते हलले नाहीत. दाराकडं बघत तसेच उभे राहिले.

हर्षालीनं ताटाकडं पाहिलं. अजून तिनं त्याला बोटही लावलं नव्हतं. मटणाचा वास तर अंगणभर दरवळत होता. तिनं ताट बाजेवर ठेवलं, त्यावर परात झाकली, आत जाऊन घागरीतून तांब्या भरून आणला आणि पायरीवर उभी राहिली.

"तू जेवली न्हाईस," उत्तरेश्वर म्हणाले.

"माजा उपास हाय आज."

कसला उपास, हे त्यांनी विचारलं नाही. हात पुढं केले. ती सावकाश पाणी घालत राहिली. हात धुऊन झाले, चूळ भरून झाली, तरी ते खाली मान घालून तिथंच उभे.

हर्षालीनं पदर पुढं केला.

"पुसा," ती म्हणाली, "आन् या आता आत."