रोजचा बिघाड

"मेलात की काय आत?" बाईंनी शटरवर चपलेनंच दणके घातले.

शटर गुडघ्याएवढं वर झालं. खालून मिस्त्रीचं तोंड बाहेर आलं. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"गॅरेज बंद आहे. कायमचं. दुसरीकडे मरा."

"या वयात दुसरीकडे ढकलत नेऊ? तुमच्या दारात बंद पडलीय, तुम्हीच बघायचं."

स्कूटर बंदबिंद काही पडली नव्हती. बाईंनी कोपऱ्यावर थांबून प्लगची कॅप स्वतःच्या हातानं उपटली होती आणि तिथून ढकलत आणली होती. स्कूटरमधलं तेवढंच त्यांना कळायचं.

बायको गेल्यापासून मिस्त्री शटर ओढून आत पडून असतो, धड जेवतही नाही, हे त्यांना इस्त्रीवाल्यानं सांगितलं होतं. ऐकून बाईंचं डोकंच फिरलं. असं पडून मरायचं म्हणजे काय? बाकावर डोकं टेकून झोपलेली पोरं त्यांनी आयुष्यभर कान धरून उठवली होती. शाळेतून रिटायर झाल्यापासून उठवायला कुणी उरलंच नव्हतं. दुपारपर्यंत गाऊनवर बसायचं आणि खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्यांवर खेकसायचं, बस.

मिस्त्रीनं शिव्या घालत शटर पूर्ण वर केलं. कॅप समोर लोंबत होती. तरी पठ्ठ्यानं आधी कार्बोरेटर खोलला, मग सीट काढली, मग अर्धी गाडी जमिनीवर पसरली.

ठोंब्या आहे, बाई मनात म्हणाल्या. पण उठला तरी.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा हजर.

"गाडी चालवता की धोपटता?" मिस्त्री ओरडला.

"काल नीट केली असती तर कशाला आले असते? हात आहेत की बटाटे?"

"ओरडायला मी तुमच्या वर्गातला पोरगा नाही."

"पोरं बरी. त्यांना सांगितलेलं कळायचं तरी."

मग हे रोजचंच झालं. शटर वर दिसतं म्हणून बाकीची गिऱ्हाइकंही यायला लागली. मिस्त्रीची दाढी गेली. बाई सकाळीच वेणीफणी करून, आज कुठला टोमणा मारायचा ते ठरवून निघायच्या.

एकदा ताप आला म्हणून गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मिस्त्री रस्त्यावरच उभा होता.

"काल कुठं उलथला होतात?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"मला? मला काय करायचंय! आणा तो खटारा इकडे."

आणि मग एका सकाळी इस्त्रीवाल्यानं बातमी दिली. मिस्त्रीचा मुलगा आलाय. बापाला घेऊन जाणार, कायमचा.

बाईंनी तडक स्कूटर बाहेर काढली. तिकडे पोराच्या घरात, कोपऱ्यातल्या खाटेवर, हा माणूस परत भिंतीकडे तोंड करून पडणार. मग इतके दिवस रक्त आटवलं ते कशासाठी? नेऊन तर दाखव, त्या दातओठ खात पुटपुटल्या. कोपऱ्यावर त्यांनी कॅप अशी उपटली की बोटं सोलली.

शटर अर्धं खाली होतं. दणका घालायला त्यांनी चप्पल काढली आणि आतला आवाज ऐकून थांबल्या.

"बाबा, पुरे झालं आता. बॅग भरलीय मी. ठेवलंय काय इथं?"

"नाही जमणार."

"मागच्या वेळी तर हो म्हणाला होतात!"

"तेव्हा ती बाई येत नव्हती."

"कोण बाई?"

"आहे एक. भयंकर तोंडाळ," मिस्त्री आवाज खाली आणत म्हणाला. "रोज कोपऱ्यावर कॅप उपटते आणि गाडी ढकलत इथवर आणते. पहिल्याच दिवशी लोंबती कॅप बघून ओळखलं मी. तिला दुसरं कुणी नाही रे. मी गेलो, तर ती सकाळी उठेल कशासाठी?"