हाकेच्या अंतरावर

अंगणातल्या पेरूला अस्थींची पिशवी टांगलेली दिसली आणि केतकी फाटकातच थबकली. अप्पा गेल्याचा फोन तिला मस्कतला आज सकाळी आला होता, आणि इथे अग्नी देऊनही झाला होता.

शिकागोहून दादा येईपर्यंत अप्पांना दोन दिवस बर्फात ठेवलं होतं. मस्कतहून मुंबई विमानाने जेमतेम अडीच तास. "पोरगी माझी हाकेच्या अंतरावर आहे," अप्पा सगळ्यांना सांगायचे.

"काका, मला का नाही कळवलंत?"

"तू आधी पोचली असतीस," काका म्हणाले, "आणि अग्नी मीच देते म्हणून हटून बसली असतीस."

दादाने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी गोदावरीवर निघताना त्याने पिशवीकडे हात नेला. त्याआधीच केतकीने ती सोडवून छातीशी धरली.

"अस्थी मी नेतेय, काका. या वेळी दादा घरी थांबेल."