उन्हाची खोली

दौलतमीरने कोट काढला आणि ओदिनामो त्याच्याकडे बघतच राहिली. फेब्रुवारीत कोट काढून बसलेला नवरा तिने जन्मात पाहिला नव्हता. वर रोशानला, त्यांच्या गावात, या दिवसांत सूर्य डोंगराआडून डोकावतो, हजेरी लावतो आणि निघून जातो. इथे खाली सपाटीवर, शहरितूसला, हा माणूस लांबच लांब काचेच्या खिडक्यांपुढे गादीवर मांजरासारखा पसरला होता. बोलताना त्याला धापही लागत नव्हती.

घरमालक हकबेर्दी चहा ओतता ओतता घराचं कौतुक करत होता. या खोलीत हिवाळ्यात शेगडी लागत नाही, सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन हलत नाही, असं त्याचं चाललं होतं. शेजारी बसलेला दलाल नुसता मान डोलवत होता आणि दौलतमीरच्या उजव्या हातावर नजर ठेवून होता. घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा हात धरून त्याने एकदा जोरात हलवला, की व्यवहार झाला. त्यानंतर शब्द फिरवणाऱ्याला या मुलखात कोणी चहाला विचारत नाही.

डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. वरची थंडी आता या काळजाला झेपायची नाही, आणि उन्हाचा तडाखाही सोसायचा नाही. पहिली ऐकून दौलतमीर खूश झाला आणि दुसरी पूर्ण व्हायच्या आत टोपी घालून उठला. दुसरी गोष्ट ओदिनामो एकटीच तेव्हापासून उराशी घेऊन फिरत होती. इथला उन्हाळा कसा असतो हे तिने सकाळपासून तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा हकबेर्दीने तिला मध वाढला होता.

घर घेण्याआधी शेजारी बघावा, असं तिची आई सांगायची. हात धुण्याचं निमित्त करून तिने जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावरची एक रोटी उचलली आणि ती बाहेर पडली.

अंगण झाडून लख्ख केलेलं होतं. मधोमध एक बुंधा होता, दोघांच्या कवेत न मावणारा आणि नुकताच कापलेला. भुसा अजून ओला होता. बाजूच्या चोपलेल्या मातीत चार खोल खळगे पडले होते, कुठल्यातरी मोठ्या बाजेच्या पायांचे. ओदिनामोने बुंध्याच्या सालीवर हात ठेवला. तुती. तिच्या गावात उपासमारीच्या वर्षी वाळल्या तुतींच्या पिठावर माणसं जगली होती. तिथे तुतीवर कुऱ्हाड उचलणाऱ्याला बायकामुलंही घरात घेणार नाहीत.

बुटक्या भिंतीपलीकडे एक म्हातारी रजया उन्हात घालत होती. ओदिनामोने सलाम करून भिंतीवरून रोटी पुढे केली आणि आपण घर बघायला आल्याचं सांगितलं. म्हातारीने रोटी कपाळाला लावली आणि तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"मावशी, उन्हाळ्यात ही माणसं कुठे झोपायची?"

"या झाडाखाली. जेवण, झोप, पाहुणेरावळे, सगळं त्या बाजेवर. मे महिना लागला की घरात कोण थांबतंय? त्या काचेच्या खोलीत मेणबत्त्या वाकतात, बाई."

"मग झाड का तोडलं?"

म्हातारीला शेजाऱ्याचा सौदा मोडायचा नव्हता. तिने उगाच एक रजई झटकली. पण हातात रोटी होती, आणि रोटी घेऊन खोटं कसं बोलायचं?

"तुमच्यासाठीच की. डोंगरातलं गिऱ्हाईक आहे म्हणाला, फोनवर दुसरं काही विचारलं नाही, ऊन किती येतं एवढंच. झाड खिडकीवर यायचं. त्याच्या बापाने लावलेलं होतं. कापताना डोळे पुसत होता मेला."

फोन दौलतमीरने केला होता. ओदिनामो शेजारीच बसली होती, आणि तिनेही मान हलवली होती.

म्हातारीने वाकून भिंतीलगतच्या तोडलेल्या फांद्यांच्या ढिगातून एक हातभर फांदी उपसली आणि तिच्या हातात दिली. "अजून ओली आहे. आजच मातीत खोच. तुती हट्टी असते, जगते. पाचसहा उन्हाळ्यांत खाली माणूस बसेल एवढी सावली पडते."

पाचसहा उन्हाळे. डॉक्टरांनी इतक्या लांबचं काही सांगितलंच नव्हतं. ओदिनामो वळली आणि धावत सुटली. अंगण ओलांडताना तिला काचेतून आतलं सगळं दिसत होतं. दलाल उठला. त्याने एक हात धरला, दुसरा धरला. तिने हाक मारली, पण काच जाड होती. तीन हात एकात एक अडकून वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले.

ती दारात पोहोचली तेव्हा हकबेर्दी ओंजळ तोंडावरून फिरवून दुआ मागत होता. त्याचे डोळे खाली होते. दौलतमीर मात्र लग्नातल्या नवरदेवासारखा हसत होता. ती कुठे होती, हेही त्याने विचारलं नाही. तुझ्या म्हातारपणाची सोय केली, असं म्हणाला, उशीला टेकला आणि त्याने डोळे मिटले. कपाळावर घामाचे थेंब फुटले होते. फेब्रुवारीतच.

झाडाचं त्याला आज सांगायचं नाही, हे तिने ठरवून टाकलं. तिने फांदी शालीखाली सरकवली, खिडकीपाशी गेली आणि त्याच्या चेहऱ्यावर सावली पडेल अशी उभी राहिली.

"जरा सरक गं," तो डोळे न उघडता म्हणाला. "ऊन अडतंय."

"अडू दे," ओदिनामो म्हणाली आणि जागची हलली नाही.