समुद्र मोकळा

“समुद्र?” मोठ्या साहेबांनी माईकवर विचारलं.

रडारवाली समोर नजर लावून बसली होती. पडद्यावर हिरवी रेघ गरगर फिरत होती आणि तिच्यामागे काही म्हणजे काही उमटत नव्हतं. मागच्या खेपेला ऐन वेळी इथेच एक ठिपका उमटला होता. कुणाची तरी होडी. तिने ‘थांबा’ म्हटलं आणि रॉकेट जागच्या जागी उभं राहिलं. तेव्हापासून कँटीनमध्ये तिच्याशी कोणी धड बोलत नव्हतं.

“अहो मॅडम, समुद्र?” साहेब पुन्हा म्हणाले. “की आजही तुमच्या माहेरच्यांची वाट बघायचीय?”

दोघं-तिघं फिदीफिदी हसले. ती कोळ्याची मुलगी, हे साऱ्या केंद्राला ठाऊक होतं. मागे काचेआड मंत्री बसले होते. सकाळीच त्यांनी भाषण ठोकलं होतं, की जगात रोज कुठे ना कुठे रॉकेट उडतंय, मग आपण काय हात चोळत बसायचं? बजेट दुप्पट केलंय, आता उड्डाणंही दुप्पट दिसली पाहिजेत. तशी ती दिसतही होती. फक्त उड्डाणाआधी समुद्रावरून फेरी मारून येणारं हेलिकॉप्टर तेवढं बंद झालं होतं. इतक्या वेळा कोण उडवत बसणार! आता सगळी भिस्त या एका पडद्यावर.

लाकडी होडी त्या पडद्यावर दिसत नाही. म्हणून तिनेच बाबांच्या मागे लागून होडीच्या डोलकाठीला पत्र्याचा डबा टांगायला लावला होता. पत्रा असला की बारीकसा का होईना, ठिपका उमटतो. बाबांनी डबा घासूनपुसून लख्ख केला आणि धक्क्यावर ज्याला त्याला सांगत सुटले, “मी कुठेही असलो तरी माझ्या पोरीला दिसतो!” मग बाकीच्यांनीही डबे टांगले. बाबा तिची चेष्टाही करायचे. म्हणायचे, “तू तिकडे मोकळा म्हणतेस नि आमचा समुद्र बंद होतो. कसली गं तुमची भाषा?”

तिने पडदा पुन्हा एकदा नीट निरखला.

“समुद्र मोकळा,” ती म्हणाली.

भिंती थरथरल्या. टेबलावरचे कप वाजले. रॉकेट वर गेलं, आणि थोड्या वेळाने त्याच्या दोन्ही रिकाम्या टाक्या सुटून नेमल्या जागी समुद्रात पडल्या. एकेक टाकी दुमजली घराएवढी. टाळ्यांचा कडकडाट झाला.

“शाब्बास!” साहेब तिच्या खुर्चीपाशी येऊन म्हणाले. “आज कसा आरशासारखा समुद्र होता! रोज असा मिळाला तर काय बिशाद आहे कुणाची आपल्याला मागे टाकायची! आता जरा वेळाने वायरलेसवरून बंदी उठवून कोळ्यांना समुद्रात सोडा, की झालं तुमचं काम.”

तिला हायसं वाटलं. किती दिवसांनी कोणी नीट बोललं होतं. ती बाहेर आली, कप्प्यातून फोन काढला आणि घरी लावला.

“आई, उडालं गं! आज कोणी मध्ये आलं नाही. बाबांना दे ना.”

“ते कुठे आहेत घरात? पहाटेच गेले.”

“कुठे?”

“कुठे म्हणजे? समुद्रावर. निम्मे दिवस तुमची बंदी. माणसाने घरात बसून बसून बसायचं तरी किती? म्हणाले, बंदीच्या पाण्यात कोणी फिरकत नाही, मासळी सगळी तिथेच असते. इतकी वर्षं टाक्या पडतायत, अजून कुणाच्या डोक्यात पडली नाही.” आई जरा हसली. “तू रागावू नकोस हं त्यांना.”

“काहीतरीच काय! मी बघत होते ना. पडद्यावर कोणी नव्हतं. बाबा मला दिसले असते.”

“कसे दिसतील? डबा काढून ठेवलाय. हा काय, इथे ओट्यावर आहे.”

तिने फोन कानाशी घट्ट धरला.

“मी म्हटलंसुद्धा, अहो, तो लावून जा. तर म्हणाले, आज नको. आज पोरीची ड्युटी आहे. मागच्या खेपेला मी दिसलो नि तिला थांबा म्हणावं लागलं. ते लोक तिला काय काय बोलले, घरी येऊन रडली बिचारी. आज तिला दिसायचंच नाही.”

दार उघडून साहेबांनी डोकं बाहेर काढलं. “मॅडम, चला. सोडा आता कोळ्यांना.”

ती आत गेली. वायरलेसचा माईक उचलला, बटण दाबलं. म्हणायचे शब्द ठरलेले होते, पाठ होते.

“बाबा,” ती म्हणाली.

खोलीतल्या सगळ्या माना वळल्या.

“बाबा, काहीतरी वर धरा. ताटली, घमेलं, काहीही पत्र्याचं. मला दिसत नाही तुम्ही.”

वायरलेसवर नुसती खरखर येत राहिली. तिने बटण सोडलं, पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं. पडद्यावर हिरवी रेघ एक फेरी पुरी करून दुसरीला लागली. समुद्र मोकळा होता.