तांब्याचा बॉयलर

व्हीआरएस घेऊन बारा वर्षं गच्चीवर खपून परचुऱ्यांनी केलेलं वाफेचं छोटं इंजिन अखेर कोथरूडच्या एका संग्रहालयाच्या बागेत रुळांवर धावलं. पहिल्या फेरीचा मान बायकोला, इंदुबाईंना. नवऱ्यामागे बसून त्यांनी बागेला तीन चकरा मारल्या. आयटीतल्या जावयाने व्हिडिओ काढला.

इंजिन निवल्यावर इंदुबाईंनी सवयीने पदराने बॉयलर पुसला. बुडाशी ठिपक्यांनी कोरलेली अक्षरं होती : ‘चि. इंदूस, आईकडून.’

“अहो, ही माझी हरवलेली कळशी.”

“तांबं उत्तम होतं.”

“हिच्यापायी मी कामवाल्या शालूला चोर म्हणून हाकललं. तेव्हा का नाही बोललात?”

परचुऱ्यांनी चष्मा पुसला.

“तेव्हा इंजिन अर्धंच झालं होतं.”